दीर्घकाळ चॅस्टिटी केज वापरणे: समलिंगी पुरुषांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न गेली काही वर्षे माझ्याकडे सतत येत राहिले आहेत. काही संकोचाने आले, काही मध्यरात्री घाबरून आले, आणि बरेचसे 'एका मित्रासाठी विचारतो आहे' अशा प्रस्तावनेसह आले. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. ही सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने करावयाची गोष्ट आहे, हे सर्व उत्तरांत गृहीत धरलेले आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल आणि जिथे दुसऱ्या उत्तराची जोड लागते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. चॅस्टिटी केज म्हणजे नक्की काय, आणि तो अंगावर टिकतो कसा?

केजचे मुख्य भाग तीन असतात: लिंग आणि अंडकोश या दोहोंच्या मागून शरीरालगत बसणारे कडे, लिंग ज्यात राहते ती नळी किंवा जाळी, आणि या दोन भागांना जोडणारे कुलूप. घालताना वृषण एकेक करून कड्यातून पुढे आणले जातात, आणि नळी जोडल्यावर कडे व नळी यांच्यामधली फट इतकी अरुंद होते की वृषण पुन्हा मागे सरकू शकत नाहीत. केज टिकतो तो या रचनेमुळे, आवळल्यामुळे नव्हे. त्यामुळे 'कडे जितके घट्ट तितका केज पक्का' हा समज मुळातच चुकीचा आहे. पूर्ण ताठरता येऊ न देणे आणि हस्तमैथुनाला अटकाव करणे, एवढेच त्याचे काम असते. कमरपट्ट्यासह येणारे पूर्ण बेल्ट आणि लिंगाच्या टोकाला केलेल्या छिद्रात अडकवायचे प्रकारही आहेत, पण बहुसंख्य लोक कडे-नळीचाच केज वापरतात आणि पुढील उत्तरेही त्याच्याविषयीच आहेत.

२. ही मध्ययुगापासून चालत आलेली प्रथा आहे, हे खरे का?

नाही. चॅस्टिटी बेल्टचे सर्वांत प्रसिद्ध जुने चित्र कोनराड कायसर या जर्मन अभियंत्याच्या १४०५ सालच्या लष्करी यंत्रांवरील हस्तलिखितात सापडते, आणि ते थट्टेने काढलेले असावे असे अनेक अभ्यासकांना वाटते. युद्धावर निघालेले सरदार बायकांना कुलूप लावून जात, ही गोष्ट नंतरच्या काळाने रचलेली आहे, असे अल्ब्रेख्त क्लासेन यांनी २००७ साली सविस्तर दाखवून दिले. पुरुषांसाठीची उपकरणे एकोणिसाव्या शतकात निघाली ती हस्तमैथुन रोखण्यासाठी, आणि त्यांत आनंदाचा भाग काहीच नव्हता. आजचा हलका, दिवसेंदिवस घालता येणारा केज एकविसाव्या शतकाच्या आरंभी पॉलिकार्बोनेटमुळे आणि इंटरनेटमुळे पसरला.

३. 'दीर्घकाळ' म्हणजे किती दिवस?

सर्वमान्य व्याख्या नाही. सलग काही आठवडे किंवा महिने, स्वच्छता व तपासणीपुरता केज काढून, वापरणाऱ्याला सामान्यतः 'दीर्घकाळ लॉक असलेला' म्हटले जाते. ऑक्टोबर महिनाभर केज घालण्याची 'लॉकटोबर' नावाची प्रथा समुदायात बरीच रूढ आहे आणि अनेकांची सुरुवात तिच्यातूनच होते. ती सुरुवात योग्य आहे असे मला वाटत नाही, कारण ३१ दिवसांचे लक्ष्य समोर ठेवून पहिला केज घेणारा माणूस पहिल्या आठवड्यातली जखम लपवतो. दिवस मोजण्याचा हा छंद या समुदायाची सर्वांत मोठी खोड आहे. 'मी १८० दिवस उघडलेच नाही' असे लिहिणारा एक तर अतिशयोक्ती करत असतो, नाहीतर त्याला दहाव्या प्रश्नाचे उत्तर वाचण्याची तातडीने गरज असते.

४. समलिंगी पुरुष हे का करतात? लैंगिक सुख टाळण्यात कसले सुख?

कारणे माणसागणिक वेगळी आहेत, तरी काही धागे पुन्हा पुन्हा दिसतात. पहिला धागा नियंत्रण सोपवण्याचा आहे: आपल्या शरीरातली सर्वांत खाजगी गोष्ट दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, आणि कार्यालयात, प्रवासात, स्वयंपाक करताना त्या स्वाधीनतेची आठवण अंगावर बाळगणे. दुसरा धागा लक्ष दुसरीकडे वळवण्याचा आहे. बॉटम (संभोगात ग्रहण करणारे) असलेले अनेक जण सांगतात की केज असताना 'माझे ताठ होते आहे की नाही' ही चिंताच उरत नाही, आणि स्पर्श, चुंबन, जोडीदाराचे सुख यांकडे मन पूर्णपणे जाते. तिसरा धागा दूर राहणाऱ्या जोडप्यांचा आहे. एक जण हजारो किलोमीटरवर असतो, पण किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात असते, आणि रात्रीच्या फोनवर 'दिवस कसा गेला' या प्रश्नाला एक नवा अर्थ मिळतो.

दोन पुरुषांच्या नात्यात या खेळाला एक वेगळी बाजूही आहे. दोघांचे शरीर सारखे असल्यामुळे एक बंद आणि एक मोकळा, दोघेही बंद आणि किल्ल्या एकमेकांकडे, किंवा आठवड्याला अदलाबदल अशा अनेक मांडण्या शक्य होतात. केज घालणारा बॉटमच असतो किंवा आज्ञाधारकच असतो, हे गृहीतकही टिकत नाही. स्वतःच्या उतावळेपणाला लगाम म्हणून केज घालणारे टॉप (संभोगात प्रवेश करणारे) माझ्या परिचयात आहेत.

५. मला हे आवडते म्हणजे मला काही मानसिक विकार आहे का?

आवडते एवढ्यावरून नाही. २०१३ साली आलेल्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने वेगळी लैंगिक आवड आणि विकार यांत स्पष्ट फरक केला. त्या आवडीमुळे व्यक्तीला लक्षणीय त्रास होत असेल किंवा इतरांना इजा पोहोचत असेल, तरच विकाराचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात संमतीने होणारे वर्चस्व-समर्पणाचे प्रकार विकारांच्या यादीतून वगळले आहेत. केजमुळे झोप, काम किंवा नाती बिघडत असतील तर मात्र समुपदेशकाशी बोलावे. समलिंगी आकर्षणच दाबण्यासाठी केज घालण्याचा विचार असेल, तर प्रश्न १८ पाहावा.

६. माप कसे घ्यायचे? माझा तिसरा केजही चुकीचा निघाला.

निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथेच असते. मऊ दोरा किंवा शिवणकामाची टेप अंडकोशाच्या मागून आणि लिंगाच्या वरून शरीरालगत, न आवळता फिरवावी आणि मिळालेल्या परिघाला ३.१४ ने भागावे. परिघ १४१ मिलिमीटर आला तर कड्याचा आतला व्यास सुमारे ४५ मिलिमीटर हवा. बहुतेकांचे माप ४० ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान येते. हे माप उबदार खोलीत, अंघोळीनंतर थोड्या वेळाने आणि वेगवेगळ्या दिवशी तीनदा घ्यावे, कारण थंडीत अंडकोश आकसतो आणि माप फसवते. कडे घातल्यावर करंगळी त्याच्या आतून सहज फिरली पाहिजे.

नळीची लांबी शिथिल अवस्थेतील लांबीइतकी, किंवा पाच-दहा मिलिमीटर कमी असावी. 'मोठी घेतली तर आराम मिळेल' असे वाटणे स्वाभाविक आहे, पण मोठ्या नळीत लिंग पुढे-मागे घासते, लघवीची धार छिद्रापर्यंत पोहोचत नाही आणि ओल साचते. उलट कडे मात्र शंका असेल तेव्हा मोठेच घ्यावे. कडे व नळी यांमधली फट १० मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करावी. अंडकोशाची त्वचा चिमटत असेल तर ही फट वाढवावी.

त्वचा चिमटली जाते हे सगळे सांगतात, केस अडकतात हे कोणी सांगत नाही. माझ्या पहिल्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमाराला कूस बदलताना दोन केस कड्याच्या बिजागरीत गेले, आणि ते सोडवण्यासाठी न्हाणीघरात आरशासमोर वाकून, नखे कापायची कात्री हातात घेऊन मी जवळजवळ वीस मिनिटे उभा होतो. तेव्हापासून बिजागरीचे कडे मी वापरत नाही, आणि कड्याखालचे केस ट्रिमरने बारीक ठेवतो. वस्तऱ्याने गुळगुळीत केल्यास उगवणारे खुंट कड्याखाली फोड आणतात, त्यामुळे तो मार्ग मी सुचवणार नाही.

७. प्लास्टिक, सिलिकोन, थ्रीडी प्रिंट की स्टील?

पॉलिकार्बोनेट हलके व स्वस्त असते, पण त्याच्या जोडाच्या कडा धारदार असू शकतात. त्या बोटाने तपासून बारीक पॉलिश कागदाने घासाव्यात. सिलिकोन मऊ असल्यामुळे नवख्यांना सोयीचे वाटते, मात्र ते त्वचेला चिकटून घाम धरून ठेवते आणि त्यावर सिलिकोनयुक्त वंगण वापरल्यास ते खराब होते, म्हणून पाण्यावर आधारित वंगणच वापरावे. थ्रीडी प्रिंट केलेला नायलॉनचा केज मापाबरहुकूम मिळतो. त्याचा पृष्ठभाग खडबडीत राहिला असेल तर तो मळ धरतो. दीर्घकाळासाठी ३१६एल प्रतीचे स्टील किंवा टायटॅनियम सर्वांत टिकाऊ आणि धुण्यास सोपे. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी टायटॅनियमच घ्यावे. स्वस्त, मुलामा दिलेला धातू घेऊ नये, कारण मुलामा घामाने उडतो आणि खालचा धातू त्वचेला लागतो.

८. पहिल्या दिवसापासून चोवीस तास घातला तर चालेल का?

चालणार नाही. पहिल्या दिवशी जागेपणी एक-दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, आणि त्यानंतर घरी निवांत असताना पहिली रात्र, असा क्रम दोन-तीन आठवड्यांत पार पाडावा. प्रत्येक टप्प्यानंतर त्वचा पाहावी: काढल्यावर तासाभरात जाणारी कड्याची लालसर रेघ ठीक आहे, दुसऱ्या दिवशीही दिसणारी रेघ ठीक नाही. पातळ थरात लावलेले साधे मॉइश्चरायझर कड्याखालचे घर्षण बरेच कमी करते. सायकलचे खोगीर, धावणे आणि वजने उचलणे यांसाठी शरीर सरावल्यानंतरही केज काढणेच बरे.

९. रात्री तीन-चार वेळा वेदनेने जाग येते. माझ्यातच काही दोष आहे का?

दोष नाही, उलट शरीर व्यवस्थित चालू असल्याची ही खूण आहे. निरोगी पुरुषाला झोपेत साधारण ३ ते ५ वेळा, प्रामुख्याने डोळ्यांची जलद हालचाल होणाऱ्या झोपेच्या टप्प्यात, ताठरता येते, आणि तिचा कामुक स्वप्नांशी संबंध असतोच असे नाही. अर्भकांनाही ती येते. सकाळची ताठरता ही त्या मालिकेतली शेवटची. केजमध्ये लिंगाला वाढायला जागा नसल्यामुळे ते नळीला पुढे ढकलते, नळीबरोबर कडे ओढले जाते आणि अंडकोशाच्या मागे ताण येऊन जाग येते.

झोपण्यापूर्वी लघवी करणे, जाग आल्यावर दोन मिनिटे चालणे, थंड फरशीवर पाय टेकवणे, कुशीवर झोपणे यांनी बहुतेकांना आराम मिळतो, आणि एक-दोन आठवड्यांत जाग येण्याचे प्रमाण घटते. घटले नाही तर माप तपासावे (प्रश्न ६). माझे स्वतःचे मत असे आहे की आठवड्यातून किमान दोन रात्री केजशिवाय झोपावे. कारण प्रश्न १३ च्या उत्तरात आहे.

१०. केज न काढता स्वच्छता ठेवता येते का?

रोजची ठेवता येते, पूर्ण नाही. लघवी बसून करावी, नंतर पाण्याची बारीक धार नळीत सोडावी आणि कागदाने टिपून घ्यावे. अंघोळीत हँडशॉवरने आतून धुऊन हेअर ड्रायरच्या थंड हवेने कोरडे करावे. साबण सौम्य असावा आणि तो पूर्णपणे निघाला पाहिजे, कारण नळीत राहिलेला साबण घामाइतकाच त्रास देतो.

पुढची कातडी असलेल्यांनी विशेष जपावे. कातडीखाली साचणारा पांढरा मळ केज न काढता निघत नाही, आणि त्यातून दाह किंवा बुरशीचा संसर्ग होतो. अशांनी दर दोन-तीन दिवसांनी केज काढून कातडी मागे घेऊन कोमट पाण्याने धुवावे, आणि पुन्हा घालण्यापूर्वी कातडी पुढे आणली आहे ना, हे न विसरता पाहावे. मागे राहिलेली कातडी सुजली की ती पुढे येत नाही आणि ती तातडीची वैद्यकीय परिस्थिती असते. सुंता झालेल्यांनीही आठवड्यापेक्षा अधिक काळ पूर्ण तपासणीशिवाय जाऊ देऊ नये. कीहोल्डर, म्हणजे ज्याच्याकडे किल्ली सोपवलेली असते तो, दूर असेल तर स्वच्छतेसाठी ठरावीक वेळ आधीच ठरवून घ्यावी. ती सवलत किंवा बक्षीस समजू नये.

११. कोणती लक्षणे दिसली की कोणालाही न विचारता लगेच काढायचा?

लिंग किंवा अंडकोश निळसर, जांभळा किंवा फिकट पडणे; थंड लागणे; बधिर होणे किंवा मुंग्या येणे; सूज; रक्त; दुर्गंधीयुक्त स्राव; लघवी न होणे किंवा जळजळणे; वृषणात अचानक उठलेली तीव्र कळ. यांपैकी काहीही झाले तर केज त्याच क्षणी काढावा आणि कीहोल्डरला नंतर कळवावे. काढल्यावर अर्ध्या तासात रंग व संवेदना परतल्या नाहीत, वृषणातली कळ थांबली नाही, किंवा ताठरता ४ तासांहून अधिक टिकली, तर थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

सुजेमुळे कडेच निघत नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावून, भरपूर वंगण घालून, वृषण एकेक करून मागे सरकवावेत. एवढ्याने जमले नाही तर घरच्या करवतीला हात लावू नये. अडकलेली धातूची कडी कापण्याचा अनुभव रुग्णालयांना असतो, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी याहून विचित्र गोष्टी पाहिलेल्या असतात. खरे काय ते पहिल्याच वाक्यात सांगावे. लाजेपोटी गेलेला तास ऊतीला परवडत नाही.

मधुमेहामुळे संवेदना कमी झालेली असणे, रक्त पातळ करणारी औषधे, सिकल सेल आजार, लिंगाचा वाक वाढवणारा पेरोनीचा आजार किंवा ताठरतेची औषधे यांपैकी काही लागू असेल, तर दीर्घकाळ केज वापरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. ज्याला वेदना जाणवत नाही त्याला इशाराही मिळत नाही.

१२. आपत्कालीन किल्ली जवळ ठेवली तर खेळाला अर्थ काय उरला?

अर्थ उरतो, कारण मोह आणि आपत्ती या निराळ्या गोष्टी आहेत. जादा किल्ली क्रमांक असलेल्या प्लास्टिक सीलच्या छोट्या डबीत ठेवावी. सील तोडल्याशिवाय डबी उघडत नाही आणि तुटलेले सील लपवता येत नाही, त्यामुळे उघडले तर कळते, पण उघडता मात्र केव्हाही येते. वेळ संपेपर्यंत उघडतच नाही अशा टायमरच्या पेटीत एकमेव किल्ली ठेवणे, किंवा ती पाण्यात टाकून गोठवणे, या युक्त्या तासाभराच्या खेळापुरत्या ठीक आहेत. अनेक दिवसांसाठी त्या मूर्खपणाच्या आहेत.

१३. इतके दिवस वीर्यस्खलन झाले नाही तर शरीरावर काय परिणाम होतो? लिंग लहान होते का?

शुक्राणू साठून काही फुटत नाही. ते तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात आणि न वापरलेले शुक्राणू शरीर मोडून शोषून घेते. काहींना झोपेत स्खलन होते, ज्याला मराठीत उगीचच स्वप्नदोष म्हणतात, वास्तविक त्यात दोष काही नाही. दीर्घ उत्तेजनेनंतर वृषणांत जडपणा वाटतो. तो त्रासदायक असला तरी आपोआप जातो.

'सातव्या दिवशी टेस्टोस्टेरॉन दीडपट होते' हा दावा समुदायात सतत फिरतो. त्याचा आधार असलेला २००३ सालचा चिनी शोधनिबंध २०२१ साली मागे घेण्यात आला, तेव्हा तो विसरलेला बरा. प्रोस्टेटविषयी अधिक भक्कम माहिती आहे: सुमारे ३२,००० अमेरिकन पुरुषांच्या पाहणीवर आधारित २०१६ सालच्या निबंधात, महिन्याला २१ किंवा अधिक वेळा स्खलन होणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण ४ ते ७ वेळा होणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी आढळले. हा सहसंबंध आहे, त्यावरून केजमुळे कर्करोग होतो असे म्हणता येत नाही. पण वर्षानुवर्षे स्खलन टाळू पाहणाऱ्याने तो माहीत करून घ्यावा. प्रोस्टेटचे 'मिल्किंग' (गुदमार्गे प्रोस्टेट दाबून वीर्य बाहेर काढणे) केल्याने हा हिशेब भरून निघतो, याला आधार नाही.

आकाराबाबत: केज काढल्यावर काही तास किंवा दिवस लिंग आकसलेले दिसते आणि ते पूर्ववत होते. परंतु प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांची ताठरता अनेक महिने थांबते, त्यांच्या लिंगातील ऊती कठीण होऊन लांबी घटू शकते, हे मूत्ररोगतज्ज्ञांना परिचित आहे. ताठरतेवेळी ऊतींना प्राणवायूयुक्त रक्त मिळते, आणि रात्रीच्या ताठरतेचे महत्त्व त्यातच असावे असे मानले जाते. म्हणूनच मोकळ्या रात्रींचा आग्रह.

१४. ऑनलाइन कीहोल्डर कसा काम करतो, आणि फसवणूक कशी ओळखायची?

प्रत्यक्ष किल्ली टपालाने पाठवणारे थोडे असतात. बहुतेक जण किल्ली आकडी कुलपाच्या डबीत ठेवतात, न पाहता आकडे फिरवून त्यांचा फोटो काढतात आणि तो कीहोल्डरकडे किंवा त्यासाठीच्या ॲपकडे सोपवतात. ठरलेल्या दिवशी फोटो परत मिळतो. मधल्या काळात कीहोल्डर सीलचा क्रमांक किंवा त्या दिवशी दिलेला आकडा कागदावर लिहून केजसह फोटो मागतो. चांगला कीहोल्डर हे काम मन लावून करतो, आणि ते काम असते. रोज पाच जणांची विचारपूस करणारा माणूस दोन महिन्यांत थकतो आणि गायब होतो. म्हणून पहिल्याच दिवशी एक नियम ठरवावा: ४८ तास उत्तर आले नाही तर करार आपोआप संपला आणि केज निघाला.

फसवणुकीच्या खुणा ठरलेल्या असतात. ओळख होण्याआधीच पैसे मागणे, पहिल्याच संभाषणात चेहऱ्यासह नग्न फोटोचा आग्रह, तुमचे खरे नाव, कार्यालय किंवा कुटुंब यांत अवाजवी रस, आणि मर्यादांविषयी एकही प्रश्न न विचारणे. पैसे देण्यातच ज्यांना सुख आहे, त्यांचा प्रकार वेगळा आहे आणि तो उघड ठरवून होतो. पाठवायच्या फोटोत चेहरा, गोंदण, खिडकीबाहेरचे दृश्य नसावे, आणि फोटोतली स्थानाची नोंद पुसलेली असावी.

धमकी आलीच तर पैसे देऊ नयेत, कारण एकदा देणाऱ्याकडे पुन्हा मागितले जाते. संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, संपर्क तोडावा, संबंधित सेवेकडे आणि पोलिसांकडे तक्रार करावी. 'स्टॉपएनसीआयआय' ही मोफत सेवा फोटो तुमच्याच फोनवर ठेवून त्याचा केवळ अंकीय ठसा सहभागी समाजमाध्यमांना देते, जेणेकरून तो फोटो तिथे चढवता येऊ नये. अजून बाहेर न कळलेल्या समलिंगी माणसाला ही धमकी दुहेरी वाटते. अशा वेळी विश्वासाच्या एका तरी माणसाला सांगावे.

१५. फोनवरून उघडणारे ब्लूटूथ केज सोयीचे वाटतात. घ्यावेत का?

हाताने उघडण्याची सोय नसेल तर घेऊ नयेत. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनमधील पेन टेस्ट पार्टनर्स या सुरक्षा संस्थेने 'सेलमेट' या चिनी उपकरणातील त्रुटी उघड केल्या: कोणीही परका माणूस दुरून सर्व वापरकर्त्यांचे केज बंद करून ठेवू शकत होता, आणि त्यांच्या ठिकाणाची माहितीही उघडी पडत होती. उपकरणाला साधी किल्ली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये काही वापरकर्त्यांकडे ०.०२ बिटकॉइनची खंडणी मागितल्याच्या बातम्या आल्या. पितळी कुलूप कोणी हॅक करत नाही.

१६. विमानतळ, एमआरआय, शस्त्रक्रिया यांचे काय?

विमानतळावर धातूचा केज यंत्रात दिसू शकतो आणि प्लास्टिकचाही आकार शरीर स्कॅनरमध्ये उमटतो. अंगझडती टाळायची असेल तर केज सामानात ठेवावा, आणि किल्ली त्याच्याजवळच. एमआरआयपूर्वी सर्व काही काढावे. 'माझे स्टील चुंबकाला चिकटत नाही' हा युक्तिवाद चालत नाही, कारण धातू तापून भाजू शकतो. शस्त्रक्रियेत विजेवर चालणाऱ्या उपकरणांमुळे तोच धोका असतो, शिवाय मूत्रनलिका घालावी लागू शकते. अपघात सांगून होत नाही, म्हणून घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला आपत्कालीन किल्लीची जागा माहीत असावी.

१७. मी लॉक असतो, म्हणजे मला लैंगिक संसर्गाचा धोका कमी, बरोबर ना?

बरोबर नाही. केज फक्त एका अवयवाला झाकतो. गुदमार्गे व तोंडावाटे होणारा संसर्ग त्याने थांबत नाही. गनोरिया आणि क्लॅमिडिया घशात व गुदद्वारात बहुधा लक्षणांशिवाय राहतात, त्यामुळे केवळ लघवीची चाचणी करून निघून येऊ नये. सिफिलिसचा पहिला व्रण संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्यात उठतो, दुखत नाही, आणि कड्याखाली असेल तर घर्षणाची जखम समजून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. एकाहून अधिक जोडीदार असतील तर दर तीन महिन्यांनी चाचणी, कंडोम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रेप (एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी आधीच घ्यायचे औषध) ही सूत्रे केज असतानाही तशीच लागू राहतात.

१८. मला पुरुषांचे आकर्षण नको आहे. केजमुळे ते कमी होईल का?

होणार नाही. केज हाताला अडवतो, मनाला नाही. बहुतेकांची इच्छा त्याने वाढते, आणि या खेळाची सारी मजाच त्यावर उभी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० रोजी काढली, त्यामुळे बरे करण्यासारखे इथे काही नाही. स्वतःला शिक्षा म्हणून केज घालणारे मला दर काही महिन्यांनी लिहितात, आणि मी प्रत्येकाला तेच सांगतो: आधी तो काढा, आणि समलिंगी व्यक्तींना समजून घेणाऱ्या समुपदेशकाला भेटा. लैंगिक वर्तन खरोखरच आटोक्याबाहेर गेले असेल, तर त्यावरही उपचार आहेत, आणि त्यात कुलूप येत नाही.

१९. 'मी कितीही विनवले तरी उघडू नकोस' असे मीच जोडीदाराला सांगितले आहे. मग माझी संमती कधी संपते?

तुम्ही म्हणाल त्या क्षणी. अडचण एवढीच की विनवणी हाही खेळाचा भाग असल्यामुळे खरा नकार कसा ओळखायचा, आणि त्यासाठी खेळात कधीच येणार नाही असा एक शब्द आधी ठरवावा लागतो. 'पिवळा' म्हणजे थांबून विचारपूस कर, 'लाल' म्हणजे आता उघड, ही पद्धत सोपी आहे. 'लाल' ऐकल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, उघडल्यावर विचारायचे. सही केलेला करार, कायमस्वरूपी लॉकची शपथ, वर्षभराची पैज हे सगळे नाटकाचे साहित्य आहे, त्याने कोणाचाही नकाराचा हक्क जात नाही. वेदना होत असतानाही किल्ली न देणारा, किंवा 'काढलास तर सोडून जाईन' म्हणणारा जोडीदार खेळत नसतो. ती हिंसा आहे.

२०. नवऱ्याला किल्लीत काडीचाही रस नाही. मी काय करू?

त्याने रस घेतलाच पाहिजे असे नाही. त्याला काय खटकते ते विचारावे. पुष्कळदा उत्तर 'मला तुझा पहारेकरी व्हायचे नाही' असे असते, आणि ते रास्त आहे. 'फक्त शनिवार-रविवार, आणि किल्ली टेबलावर' अशी छोटी मांडणी काहींना जमते. काही जण त्याच्या संमतीने ऑनलाइन कीहोल्डर ठेवतात. त्याच्या नकळत ठेवू नये. किल्ली परक्याकडे असल्याचे नवऱ्याला अंधारात, चुकीच्या क्षणी कळते.

२१. आठ महिन्यांनी केज सोडला आणि आता नीट ताठरता येत नाही. कायमचे नुकसान झाले का?

बहुधा नाही. सकाळी ताठरता येत असेल तर शरीराची यंत्रणा शाबूत आहे, आणि अडचण सवयीची व धास्तीची आहे. केजविना, घाई न करता, काही आठवडे गेले की ती सुटते. सकाळचीही येत नसेल, बधिरपणा असेल किंवा महिन्याभरात सुधारणा नसेल तर मूत्ररोगतज्ज्ञांना भेटावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी केजला दोष देऊन थांबू नये, कारण ताठरतेची तक्रार हृदयविकाराचा पहिला इशाराही असू शकते.

२२. मला आता हे नको आहे, पण कीहोल्डरला सांगायची लाज वाटते. कसे सांगू?

आधी केज काढा, मग सांगा. परवानगी मागण्याच्या सुरात मुळीच सांगू नका. 'आज संध्याकाळी मी केज काढला आणि आपले हे इथेच थांबवतो आहे, तू दिलेल्या वेळेबद्दल आभार' एवढे एक वाक्य पुरते. त्यानंतर प्रत्यक्ष किल्ली त्याच्याकडे असेल तर परत मागवावी, डबीचे आकडे बदलावेत, आणि एकमेकांकडचे फोटो दोघांनीही पुसल्याचे कळवावे. सहा महिन्यांनी पुन्हा इच्छा झाली तर केज जपून ठेवलेला असावा, पण धुऊन, पूर्ण कोरडा करून, किल्लीसह एकाच पिशवीत.